हात मांडीखाली

आमच्या कारखान्याच्या मशीनमध्ये सगळी मिळून चार मेगाबाइट मेमरी होती. त्यातली अडीच मी, कोणालाही न विचारता, उष्ट्या कपांसाठी राखून ठेवली. आणि त्यापायी एका माणसाने आयुष्यभर जमवलेल्या रंगांपैकी बेचाळीस रंग एका दुपारी नाहीसे झाले. हे मी केलं. मशीनने नाही, विजेने नाही, नशिबाने तर मुळीच नाही.

‘उष्टे कप’ हा शब्द कॉम्प्युटरच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. तो म्हात्रेबाईंचा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याचा एक कारखाना होता, त्याच्या कॉम्प्युटर विभागाच्या त्या प्रमुख. विभाग म्हणजे एक खोली, एक मशीन, बाई आणि मी. पण त्या खोलीचा दरारा असा, की बॉयलरवरचे आडदांड लोकसुद्धा दाराशी आले की आवाज खाली आणायचे. कारण आत जाणाऱ्याला बाई हमखास थांबवायच्या. कोणालाही, कशासाठीही. थांबवणं हा त्यांचा स्वभाव होता, आणि पुढे मला कळलं त्याप्रमाणे, त्यांची विद्याही तीच होती.

खोलीतल्या चहाचा नियमच बघा. ट्रेमध्ये आठ कप. मोरी पॅसेजच्या टोकाला, तिथे पिंपातलं पाणी. पाच कप उष्टे झाले की सहाव्याला चहा नाही. ज्याला हवा असेल त्याने आधी ते पाच विसळून आणायचे, मग आपला कप भरायचा. उरलेले तीन कप स्वच्छच राहायचे, ते अडीनडीला. मी नोकरीला लागलो त्या दिवशी मला हा नियम ठाऊक नव्हता. साडेदहाला चहा मागितला आणि नेमणुकीच्या पहिल्या तासात पाच कप विसळले. उल्हासनगरच्या एका क्लासमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेतल्याने मला माझ्या हातांविषयी वेगळ्याच कल्पना होत्या. बाईंनी माझं नाव विचारलं होतं, पण त्या दिवसापासून मला हाक मारली ती ‘डिप्लोमा’ अशीच.

कारखान्याचे शेठ सिंधी, राहायला उल्हासनगरला. माणूस दिलदार, पण एका जागी उभं राहणं त्यांना जमत नसे. एकदा ते थर्मासकडे हात नेत असताना बाई म्हणाल्या, “शेठ, पाच झालेत.”

“अरे बाई, मैं मालिक हूँ. मला पण धुवायला लागणार?”

“कपाला काय ठाऊक, शेठ, मालक कोण ते.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं. शेठ बाह्या वर करून मोरीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. “साफ धुतले, बाई. बघून घ्या,” म्हणाले.

बाई मूळच्या कात्रप गावच्या. घरची भातशेती, पुढे त्या शेतांचे प्लॉट झाले आणि घराभोवती इमारती उभ्या राहिल्या. त्या कारखान्यात लागल्या पॅकिंगला. मशीन आलं तेव्हा दादरला पंधरा दिवसांच्या शिक्षणाला भलत्याच कोणाचं तरी नाव लागलं होतं. त्याला कावीळ झाली. जागा रिकामी राहू नये म्हणून बाईंना पाठवलं. इंग्रजी त्यांना बेताचं, पण परत आल्या त्या, मशीन ज्यावर चालायचं त्या युनिक्सचं जाडजूड पुस्तक पिशवीत घालून, आणि दोन वर्षांत त्यातलं जे लागतं ते सगळं पाठ केलं. ऑफिसात त्या नीट पुस्तकी मराठी बोलत. राग आला की गावची बोली बाहेर पडे, आणि मग आपण काय केलं ते आठवायला सुरुवात करावी.

त्यांच्या हाताखाली आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तक्रार केली, की मशीन मधेच अडखळतं. टाइप करत असताना दोन-तीन सेकंद स्तब्ध होतं.

“ते मीच केलंय,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी चहाचा ट्रे पुढ्यात ओढला. “हे बघ. तू एखादी गोष्ट लिहितोस आणि मशीन ‘झालं’ म्हणतं. ते खरं धरायचं नाही. माझा नवरा अंथरुणातून ‘झालं झालं’ म्हणतो, तसंच ते. लिहिलेलं अजून डिस्कवर गेलेलंच नसतं. मेमरीत एका जागी ठेवलेलं असतं, या उष्ट्या कपासारखं. सवडीने धुवायचं. त्या जागा किती ठेवायच्या आणि उष्टं किती वेळ तसंच ठेवायचं, हे दोन आकडे आतल्या गाभ्यात घालून द्यावे लागतात.”

त्या गाभ्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात, हे मी माहिती पुरवण्याच्या सुरात सांगितलं. बाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

“मी जागा कमीच ठेवल्यात. उष्टं दहा सेकंदांच्या वर ठेवत नाही. जागा संपल्या की लिहिणारा थांबतो, थोडं धुतलं जातं, मग पुढे. तुला अडखळल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.”

“पण बाई, मेमरी एवढी रिकामी पडलीय. जागा वाढवल्या तर थांबायलाच नको.”

“कप वाढवले म्हणून कोणी जास्त धुतं का रे? मोरी एकच आहे. उष्टं करणाराच थांबला पाहिजे.”

मला हे अडाणीपणाचं वाटलं. मी डिप्लोमा होतो.

बाईंची आणखी एक सवय होती, ती मला तेव्हा हास्यास्पद वाटे. मशीन मोठं काही डिस्कवर उतरवू लागलं की त्याच्या तोंडावरचा लाल दिवा लागायचा. तो लागला की बाई दोन्ही तळहात मांडीखाली घालून खुर्चीत बसायच्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. दिवा विझेपर्यंत हात बाहेर नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “माणसाला काही सुचलं नाही की हात काहीतरी करतात. त्यांच्यावर बसलेलं बरं.”

आता रंगमास्तरांकडे येतो. कापडावर कुठली छटा आणायची तर कुठला रंग किती, मीठ किती, पाणी किती तापवायचं, हे सगळं आमच्या कारखान्यात एका माणसाला ठाऊक होतं. ते हे मास्तर. नदीकाठच्या मांजर्लीला तळमजल्यावर राहायचे. त्यांनी प्रत्येक छटेला एक पान, अशा अकरा वह्या लिहिल्या होत्या, आणि पानाच्या कोपऱ्यात त्या त्या रंगाची चिंधी चिकटवलेली. महिनाअखेर ते निवृत्त व्हायचे होते. वह्या कारखान्याला द्यायच्या आणि नाशिकला मुलीकडे जायचं, असं ठरलेलं. त्या पावसात उल्हास नदी मांजर्लीत शिरली आणि मास्तरांच्या घरात कमरेएवढं पाणी झालं. वह्या तीन दिवस पाण्यात.

त्या पोत्यात भरून त्यांनी बाईंसमोर आणल्या. पानं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. पान सोडवलं की शाई पाच-दहा मिनिटं दिसायची, मग हातातच लगदा. म्हणजे प्रत्येक पान एकदाच वाचता येणार होतं.

“म्हात्रेताई, यातलं काय उरेल?” मास्तरांनी विचारलं.

“दिसेल तेवढं सगळं उरेल,” बाई म्हणाल्या. “माझा शब्द.”

बाईंनी घरून भाकरीचा पातळ कालथा आणला. कालथ्याने त्या पान सोडवायच्या, उजेडाकडे धरून मोठ्याने वाचायच्या, मी टाइप करायचो. संध्याकाळी दिवसभराचं सगळं फ्लॉपीवर उतरवून त्या फ्लॉपी घरी न्यायच्या. सहा वह्या अशा झाल्या. काम सावकाश चाललं होतं, कारण मधेच मशीन अडखळायचं आणि बाई वाचता वाचता ओल्या पानासह थांबायच्या. पान विरघळेल की काय, या धास्तीने माझा जीव वरखाली व्हायचा. आणि इथेच मला मदत करण्याची बुद्धी झाली.

शुक्रवारी आमच्या वसाहतीला सुट्टी. त्या शुक्रवारी मशीन तपासायचं निमित्त सांगून मी एकटा आलो आणि गाभ्यातले ते दोन आकडे बदलले. चार मेगाबाइटपैकी अडीच उष्ट्यासाठी. आणि दहा सेकंदांच्या जागी चार तास. नवा गाभा बांधून मशीन सुरू केलं तर काय सांगू, वाऱ्यासारखं धावायला लागलं. एकदाही अडखळलं नाही. मी खोलीत एकटाच हसत होतो, हे मला अजून आठवतं.

शनिवारी सकाळी दहाला सातवी वही काढली. एकापाठोपाठ एक पानं होत गेली. “आज बरं चाललंय मशीन,” बाई म्हणाल्या. मी नम्रपणे गप्प राहिलो. कौतुक सगळं एकदम, संध्याकाळी घ्यावं असा विचार होता. एक वाजेपर्यंत बेचाळीस पानं झाली. बेचाळीस पानांचा लगदा बादलीत, आणि अक्षरं सगळी मशीनच्या मेमरीत. डिस्कवर एकही नाही. बाई पॅकिंगच्या बायकांबरोबर जेवायला गेल्या.

तेवढ्यात शेठ आत आले. बरोबर उल्हासनगरचे एक कापडाचे व्यापारी. “हे बघा साईं, सगळे रंग आता कॉम्प्युटरमध्ये,” शेठ त्यांना म्हणाले. मी पुढे सरसावलो. “शेठ, एका मिनिटात सगळ्या छटांची यादी क्रमवार लावून दाखवतो.”

यादी लावायला मशीनला हजारो नोंदी इकडून तिकडे लिहाव्या लागतात. त्या सगळ्या उष्ट्यात येऊन पडल्या आणि माझी अडीच मेगाबाइट काठोकाठ भरली. आता मशीनला सगळं एकदम धुवावं लागलं. आणि बाकीच्या कामांना मी मेमरी ठेवलीच नव्हती, त्यामुळे ती कामंही डिस्ककडेच धावू लागली. खोलीभर कप मांडून ठेवले आणि धुणाऱ्याला उभं राहायला जागा उरली नाही, अशी गत. पडदा थिजला. लाल दिवा लागला तो विझेना.

शेठनी घड्याळ पाहिलं. व्यापाऱ्यांनी शेठकडे पाहिलं. मी एंटर दाबलं. मग बरीच बटणं दाबली. “हँग झालंय,” मी जाणकारासारखं म्हणालो. “असं होतं कधीकधी.” आणि मागे हात घालून स्विच बंद केला.

बाई परत आल्या तेव्हा मशीन पुन्हा चालू होऊन आपल्या जखमा मोजत होतं आणि पडद्यावर मोडलेल्या फायलींची रांग लागली होती. बाईंनी ती शेवटपर्यंत वाचली. पदराला हात पुसले. मग एकेक प्रश्न विचारला.

“दिवा लागला होता?”

“होता.”

“किती वेळ थांबलास?”

“दीडेक मिनिट.”

“आणि तेव्हा हात कुठं होते तुझे?”

मी ते पाठीमागे नेले. मी आकड्यांचंही सांगून टाकलं. बाई खुर्चीत बसल्या. “मशीन मेलं नव्हतं रे,” त्या म्हणाल्या. “धूत होतं. पाच मिनिटं दिली असतीस तर सगळं धुऊन हातात दिलं असतं.” आणि मग बोली बदलली. “आता तोंड कनाला वासतंस? ऊठ. मांजर्लीला जायाचं हाय. मास्तरांना सांगाचं हाय.”

“तुम्ही सांगाल ना?”

“शब्द माझा गेला, तो मी भरीन. पन सांगशील तू. माज्या तोंडून नाय.”

मास्तरांच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून ओली होती. गाद्या दोरीवर. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मास्तरांनी वह्यांच्या रिकाम्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “दीड मिनिट? कापडावर रंग चढायला पाऊण तास लागतो, पोरा. तोवर आम्ही काय झाकण काढून बघतो की काय?” एवढंच. पण त्यांनी नाशिकला जाण्यासाठी बांधलेली ट्रंक उघडली आणि कामाचा जुना शर्ट काढला, ते मला बोलण्याहून जड गेलं.

इकडे शेठ मला काढायलाच निघाले होते. बाईंनी त्यांना एकच विचारलं, “मग कप कोण धुणार, शेठ?” शेठ विचारात पडले. त्यांनाही मोरीचा रस्ता आठवला असावा.

बाईंनी सकाळी जे मोठ्याने वाचलं होतं त्यातली नऊ पानं त्यांना जशीच्या तशी आठवली. मास्तरांनी डोळे मिटून सत्तावीस सांगितली, तीही ग्रॅमपर्यंत. उरली सहा. ती पुन्हा रंगवून शोधायची होती, आणि मास्तरांच्या हाताखाली राबायला बाईंनी मला दिलं. निवृत्तीची तारीख उलटून गेली तरी मास्तर येत राहिले. रोज आठ तास मी चिंध्या बुडवत होतो. माझे हात कोपरापर्यंत आज मोरपिशी, उद्या वांगी. अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारात भाजीवाल्या मला लांबून ओळखायला लागल्या. एकीने विचारलं, “आज कुठला?” आईने मला हाताने जेवू देणं सोडलं आणि चमचा दिला.

पाच छटा सापडल्या. सहावी नाही. ती जांभळीच्या कोवळ्या पानाची होती, तांबूस, पण आतून गुलाबी आणि वर किंचित तेलकट झाक. त्यात पडणारा एक रंग बाजारातून गेला होता, त्याच्याऐवजी काय घालायचं हे फक्त त्या पानावर होतं. पंधरा दिवस आम्ही तिच्या जवळपास फिरलो. शेवटी मास्तर हात धुऊन म्हणाले, “राहू दे. एक झाडाकडेच राहू दे.” आणि ते नाशिकला गेले.

गाभ्यातले आकडे बाईंनी माझ्याकडूनच परत बसवून घेतले. कॅलेंडरच्या पानामागे प्रत्येक आकडा आणि तो का, हे लिहायला लावलं. उरलेल्या चार वह्या त्या अडखळत्या मशीनवर सावकाश झाल्या. दिवा लागला की बाई हात मांडीखाली घालायच्या, आणि शेजारच्या खुर्चीत मीही. कोणी दार उघडून पाहिलं असतं तर आम्हा दोघांनाही कोणीतरी शिक्षा केली आहे असंच वाटलं असतं.

पुढे मी मुंबईत मोठ्या कंपनीत लागलो आणि दैवयोग असा, की याच कामात पडलो. मेमरी, डिस्क, गाभा. बाई आता नाहीत, जाऊन बरीच वर्षं झाली. पण अजूनही डिस्कवर काही मोठं उतरत असलं की माझे हात आपोआप खाली जातात. हाताखालची मुलं आधी हसतात, मग एखादी फाइल गमावतात, आणि मग तीही तशीच बसतात.

बाईंना शेवटचं भेटलो ते नव्वदचं दशक संपता संपता, होळीच्या सुमारास. माझं नवीन लग्न झालं होतं, बायकोला घेऊन कात्रपला गेलो. चारी बाजूंनी इमारती आणि मधे बाईंचं बैठं घर. बाईंनी चहा टाकला. मी उत्साहाने सांगू लागलो, की बाई, युनिक्ससारखीच नवी प्रणाली आली आहे, जगभरची माणसं मिळून लिहितात. तिच्या गाभ्यात आता तुमचाच नियम आहे. मेमरीचा ठरावीक भाग उष्टा झाला की तो लिहिणाऱ्यालाच थांबवतो. माणसाने काही करायलाच नको.

“चांगलं झालं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे तुझ्यासारखे सगळीकडे असतात.”

बायकोला हसू आलं. घरी मी तिला या सगळ्याची हकिगत सांगितली होती, पण माझ्या हकिगतीत रंग गेले होते ते वीज गेल्यामुळे. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि तिचा हात धरून तिला परसात नेलं. मागोमाग मी. विहिरीपाशी जांभळीचं झाड होतं, आणि त्याला नुकती पालवी फुटली होती. तांबूस, आतून गुलाबी. बाईंनी एक डहाळी खाली ओढून तिच्या पुढ्यात धरली.

“हा रंग बघून ठेव, बाय,” त्या म्हणाल्या. “कापडात मिळणार नाही तुला. तुझ्या नवऱ्याला पाच मिनिटं गप्प बसता आलं नाही.”